कागद ज्याचा, गाणे त्याचे?

जर्मन संघराज्याच्या दिवाणी खटल्यांतील सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी २००९ रोजी कार्ल्सरूह येथे एका विलक्षण खटल्याचा निकाल दिला. सन १७३३ मध्ये व्हेनिस शहरातील एका नाटकगृहात ‘मोतेझुमा’ नावाची संगीतिका सादर झाली होती. तिचा कर्ता आंतोनियो विवाल्दी १७४१ साली व्हिएन्नात निवर्तला. संगीतिकेचे शब्द छापील रूपात उरले. सूर मात्र हरवले. पुढे २००२ साली बर्लिनमधील एका जुन्या संग्रहात तिची हस्तलिखित प्रत सापडली, आणि ज्या संस्थेच्या संग्रहात ती निघाली त्या संस्थेने दावा मांडला की, यापुढे पंचवीस वर्षे ही संगीतिका कोणी सादर करावयाची आणि त्याबद्दल किती मोबदला द्यावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार आमचा. न्यायालयाने हा दावा फेटाळला. निकाल योग्यच झाला. परंतु ज्या कारणावरून तो झाला त्या कारणाने मूळ प्रश्न सुटलेला नाही.

हा वाद युरोपातील मूठभर रसिकांचा आहे असे समजून पान उलटण्याचा मोह कार्यकर्त्याला होणे साहजिक आहे. परंतु जमीन, पाणी, बियाणे आणि औषधे यांच्याबाबतीत जो प्रश्न चळवळीने वर्षानुवर्षे विचारला, तोच येथे वेगळ्या वेषात उभा आहे. जी वस्तू ताबेदाराने निर्माण केली नाही, तिच्यावर केवळ ताब्याच्या बळावर त्याला खंड वसूल करता येतो काय? आणि त्याहून अवघड असा दुसरा प्रश्न: ज्यांनी ती वस्तू शोधली, जुळवली आणि पुन्हा उभी केली, त्यांच्या श्रमाचे मोल कोणी व कसे द्यावयाचे? या दोन प्रश्नांची गल्लत झाली की मालक श्रमाच्या नावाने खंड मागतो आणि श्रमिक उपाशी राहतो. ‘मोतेझुमा’च्या पुनरुज्जीवनाची कथा ही गल्लत दूर करण्यास फार उपयोगी पडणारी आहे.

संगीतिका म्हणजे मराठी वाचकाने स्थूलमानाने संगीत नाटक समजावे. भेद इतकाच की, तिच्यात गद्य संवाद बहुधा नसतात, पात्रे परस्परांशी बोलतात तेही सुरांवर. हा प्रकार सोळाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील सरदारांच्या आश्रयाने जन्माला आला. परंतु १६३७ मध्ये व्हेनिस येथील सान कास्सिआनो हे नाटकगृह पैसे मोजून येणाऱ्या कोणालाही खुले झाले, आणि दरबारी करमणूक बाजारात उतरली. उमरावांच्या मालकीचे सज्जे, खाली तिकीट काढून येणारा प्रेक्षक, ठेकेदाराची गुंतवणूक आणि गायकांचे भरमसाट मानधन अशी या धंद्याची घडण होती. विवाल्दी हा पिएता या अनाथ मुलींच्या आश्रमात व्हायोलिन शिकविणारा पाद्री. परंतु सांत आंजेलो या तुलनेने लहान नाटकगृहाचा ठेकाही तो घेत असे. ‘मोतेझुमा’ याच नाटकगृहात १४ नोव्हेंबर १७३३ रोजी रंगमंचावर आली.

या धंद्याचा नियम सरळ होता. प्रत्येक हंगामाला नवे नाटक हवे. प्रेक्षकांना विकण्यासाठी संहिता छापली जाई, पण सबंध संगीत छापण्याचा खर्च कोणी करीत नसे. लेखनिक हाताने नकला उतरीत, वादकांना आपापले भाग दिले जात, आणि हंगाम संपला की गाजलेली चार गाणी दुसऱ्या नाटकात जाऊन बसत, उरलेले कागद कोठे तरी पडून राहत. विवाल्दीने पन्नासाच्या आसपास संगीतिका रचल्या असे मानले जाते. त्यांपैकी सुमारे वीस संगीतिकांचेच संगीत आज हाती आहे. कालौघात कृती लोप पावतात असे म्हणण्याची प्रथा आहे. वस्तुतः येथे काळाला फारसा दोष देता येत नाही. विस्मृती ही या धंद्याच्या व्यवहारातच ठरून गेलेली होती.

जे कागद वाचले ते कसे वाचले हेही पाहण्यासारखे आहे. सन १९२६ मध्ये इटलीच्या पिएमोंते प्रांतातील एका ख्रिस्ती विद्यालयाने पैशाच्या गरजेपोटी आपल्याकडील जुनी बाडे विकावयास काढली आणि त्यांची किंमत ठरविण्यासाठी तोरिनोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे विचारणा केली. ग्रंथालयाने ते काम आल्बेर्तो जेंतीली या संगीताच्या प्राध्यापकाकडे सोपविले. त्या बाडांत विवाल्दीच्या हस्तलिखितांचे चौदा खंड निघाले. ग्रंथालयाजवळ पैसे नव्हते. रोबेर्तो फोआ या शेअर दलालाने आपल्या दिवंगत बाळाच्या स्मरणार्थ तो संग्रह विकत घेऊन ग्रंथालयाला दिला. पुढे संग्रहाचा उरलेला अर्धा भाग जेनोव्हातील एका उमराव घराण्याकडे असल्याचा माग जेंतीलीने लावला, आणि १९३० मध्ये फिलिप्पो जोर्दानो या कापड कारखानदाराने, त्यानेही पुत्रवियोग सोसलेला होता, तो भाग ग्रंथालयाला मिळवून दिला. दोन शोकग्रस्त पित्यांच्या औदार्यामुळे हा ठेवा सार्वजनिक झाला, ही गोष्ट हृद्य आहे. परंतु समाजाचा वारसा अशा योगायोगावर अवलंबून राहावा हे मात्र समाजाला शोभणारे नाही.

पुढचा अध्याय कटू आहे. फासिस्ट राजवटीने १९३८ मध्ये वंशभेदाचे कायदे केले आणि ज्यू असल्यामुळे जेंतीलीला अध्यापनातून दूर व्हावे लागले. ज्याने वर्षे वेचून हा संग्रह एकत्र आणला, त्यालाच त्याचे फळ जगापुढे ठेवण्यास बंदी झाली. सन १९३९ मध्ये सिएना येथे आल्फ्रेदो कासेल्ला या संगीतकाराच्या पुढाकाराने विवाल्दी-सप्ताह भरला आणि त्यात ‘लोलिम्पिआदे’ ही संगीतिका रंगभूमीवर आली. विवाल्दीच्या संगीतिकांच्या आधुनिक पुनरुज्जीवनाचा आरंभ येथून धरला जातो. त्या समारंभात ज्याचा सन्मान व्हावयाचा तो गृहस्थ आपल्या पदावरून दूर केला गेलेला होता. श्रम एकाचे आणि श्रेय दुसऱ्याचे, हा अन्याय कलेच्या क्षेत्रातही नवा नाही.

तोरिनोच्या त्या खंडांत ‘मोतेझुमा’ नव्हती. ती आली दुसऱ्याच वाटेने. बर्लिन येथे १७९१ साली ‘सिंग-अकाडेमी’ ही नागरिकांची गायनसंस्था स्थापन झाली. दरबार आणि चर्च यांच्या बाहेर, सामान्य स्त्रीपुरुषांनी एकत्र येऊन समूहगायन करावे, हा तिचा हेतू होता. त्या काळाच्या मानाने तो पुरोगामी म्हटला पाहिजे. या संस्थेने दोन शतकांत संगीताच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह जमविला. दुसऱ्या महायुद्धात बाँबहल्ल्यांच्या भीतीने १९४३ मध्ये तो सायलेशियात हलविण्यात आला. सन १९४५ मध्ये लाल सेनेने तो तेथून नेला आणि तो किएव्हला जाऊन पोहोचला. तेथे तो जतन झाला, परंतु त्याचा गाजावाजा झाला नाही. पश्चिमेकडील अभ्यासक तो नष्ट झाला असेच समजत राहिले. सन १९९९ मध्ये युक्रेनी व अमेरिकी संशोधकांच्या संयुक्त प्रयत्नांतून त्याची ओळख पटली आणि २००१ च्या अखेरीस पाच हजारांहून अधिक हस्तलिखिते बर्लिनला परत आली. युक्रेनचे सरकार, जर्मन सरकार, विद्यापीठे, दस्तऐवजखाती अशा अनेक सार्वजनिक हातांनी हे काम झाले. संग्रह बर्लिनच्या सरकारी ग्रंथालयात ठेवण्यात आला. मालकी संस्थेची राहिली.

तेथेच २००२ मध्ये स्टेफेन फोस या जर्मन संगीतसंशोधकाच्या नजरेस एक प्रत पडली. तिच्या आरंभीची पाने नव्हती, तिसऱ्या अंकाचा बराच भाग गहाळ होता. परंतु शब्द छापील संहितेशी ताडून पाहता ही हरवलेली ‘मोतेझुमा’च आहे हे त्याने सिद्ध केले. लक्षात घेण्याजोगी बाब ही की, ती प्रत संस्थेच्या मालकीची होती एवढ्यामुळे ती सापडली नाही. आपण काय वाचीत आहोत हे ज्याला कळले अशा माणसाच्या विद्येमुळे ती सापडली.

यानंतर जे घडले ते रंगभूमीच्या इतिहासापेक्षा कोर्टकचेरीच्या इतिहासात शोभावे असे आहे. जून २००५ मध्ये नेदरलँड्समधील रोटरडॅम येथे फेदेरिको मारिया सार्देल्ली या इटालियन संगीतदिग्दर्शकाने आपल्या वाद्यवृंदासह ही संगीतिका मैफलीच्या स्वरूपात सादर केली. त्यानंतर जुलैमध्ये इटलीतील बार्गा या छोट्या गावच्या महोत्सवात प्रयोग व्हावयाचा होता. संस्थेने न्यायालयातून मनाई आणली. गायक तयार, वादक तयार, प्रेक्षक हजर. आणि ‘मोतेझुमा’ची गाणी मात्र गाता येईनात. विवाल्दीच्या अन्य कृतींतील गाणी घालून संयोजकांना वेळ निभावून न्यावी लागली. जर्मनीत डुसेलडॉर्फच्या महोत्सवापुढेही हीच आपत्ती उभी होती. तेथील वरिष्ठ न्यायालयाने ऑगस्टमध्ये संयोजकांच्या बाजूने कौल दिला आणि २१ सप्टेंबर २००५ रोजी तेथे संगीतिका रंगमंचावर आली. संस्थेने नुकसानभरपाईचा दावा पुढे चालविला. तोच २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला.

संस्थेचा आधार कायद्यातच होता, ही गोष्ट तिच्यावर टीका करणाऱ्यांनी विसरू नये. कर्त्याच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी त्याची कृती सर्वांची होते, हा सर्वसामान्य नियम. परंतु जर्मन कायद्याच्या ७१ व्या कलमात एक अपवाद आहे, आणि युरोपीय समुदायाने १९९३ च्या निर्देशाने तसाच अपवाद आपल्या सर्व सदस्य देशांना लागू केला. हक्काची मुदत संपून गेलेली, पण तोपर्यंत कधीही प्रसिद्ध न झालेली कृती जो कोणी प्रथम कायदेशीरपणे प्रसिद्ध करील, त्याला तिच्यावर पंचवीस वर्षे कर्त्यासारखाच आर्थिक हक्क मिळतो. संस्थेने हस्तलिखिताची हुबेहूब छायाप्रत काढून विक्रीस ठेवली आणि या हक्कावर बोट ठेवले. पाने छायायंत्राखाली ठेवणे एवढ्या कृतीतून पंचवीस वर्षांची मक्तेदारी निर्माण व्हावी, अशी ही तरतूद आहे.

न्यायालयाने दावा कसा फेटाळला? संगीतिका आजवर अप्रसिद्ध होती हे दावा करणाराने दाखविले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. अठराव्या शतकातील व्हेनिसमध्ये संगीतिकेची मूळ प्रत उपलब्ध ठेवली जाई व दूरदूरच्या दरबारांना किंवा इतर इच्छुकांना तिच्या नकला मागविता येत. त्या काळच्या रीतीप्रमाणे ही प्रसिद्धीच होय. तेव्हा ‘मोतेझुमा’ १७३३ मध्येच प्रसिद्ध झाली होती असे मानावे लागते. जी कृती एकदा प्रसिद्ध झाली ती नंतर हरवली, तरी पुन्हा अप्रसिद्ध होत नाही. तर्क बिनतोड आहे. परंतु त्याचा अर्थ काय झाला? ‘मोतेझुमा’ मुक्त झाली ती व्हेनिसच्या लेखनिकांच्या कृपेने! उद्या एखाद्या संगीतकाराने पेटीत जपून ठेवलेली, कधीच सादर न झालेली कृती कोणाच्या माळ्यावर निघाली, तर हाच कायदा त्या माळ्याच्या मालकाला पंचवीस वर्षांचा मक्ता देईल. एक कूळ खटला जिंकले. खंडाची पद्धत तशीच राहिली.

संस्थेची बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जुना कागद आपोआप टिकत नाही. त्याला कोरडी जागा, जाणकार माणसे, दुरुस्ती, सूची आणि पहारा लागतो. गाणाऱ्या सभासदांच्या संस्थेजवळ यासाठी पैसा कोठून येणार? महोत्सव तिकिटे विकतात, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्या नफा मिळवितात. मग ज्यांच्यामुळे कागद वाचला त्यांना काहीच मिळू नये, हा कोणता न्याय? या प्रश्नात तथ्य आहे. नफेखोर कंपनीने सार्वजनिक वारशातून फुकट माल उचलावा आणि त्याची राखण करणाराने कर्ज काढावे, ही व्यवस्था कोणत्याही समाजवाद्याला मान्य होणार नाही.

परंतु या प्रश्नाला मक्तेदारी हे उत्तर नाही. जतनाचा खर्च हा खर्च आहे. तो मोजता येतो आणि भागविता येतो. मक्तेदारी मात्र खर्चाशी बांधलेली नसते. ती मागणीशी बांधलेली असते. प्रसिद्ध संगीतकाराची संगीतिका निघाली तर मोठा खंड, अप्रसिद्ध माणसाची निघाली तर काहीच नाही. जतनाचे कष्ट मात्र दोन्ही ठिकाणी सारखेच. शिवाय मनाई हुकमाने जतन होत नाही. बार्गाच्या प्रेक्षकांना गाणी ऐकू आली नाहीत म्हणून बर्लिनमधील एकही पान अधिक सुरक्षित झाले नाही.

याच सिंग-अकाडेमीच्या इतिहासात याचे उत्तर लिहिलेले आहे. सन १८२९ च्या मार्चमध्ये अवघ्या वीस वर्षांच्या फेलिक्स मेंडेल्सोनने याच संस्थेच्या गायकांना घेऊन बाखची मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरील महान संगीतरचना पुन्हा सादर केली. बाखला जाऊन तेव्हा ७८ वर्षे झाली होती. एकोणिसाव्या शतकातील बाखच्या पुनरुज्जीवनाला त्या एका कार्यक्रमाने गती दिली. त्या वेळी एखाद्या ताबेदाराने मनाई आणली असती, तर ही संस्था आज ज्या कीर्तीवर उभी आहे ती कीर्ती कोठून आली असती? जी संस्था खुलेपणातून मोठी झाली, तिने वारशाला कुंपण घालावे, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. अर्थात त्यात व्यक्तींचा दोष कमी व व्यवस्थेचा अधिक आहे. सार्वजनिक पैसा आटला की सद्हेतूने चालणाऱ्या संस्थाही जमीनदारासारख्या वागू लागतात.

श्रम आणि ताबा यांतील फरक त्याच २००५ साली इंग्लंडमधील दुसऱ्या एका खटल्याने अधिक स्पष्ट केला. चौदाव्या लुईच्या दरबारातील संगीतकार मिशेल-रिशार द लालांद याच्या रचनांच्या संपादित प्रती लायोनेल सॉकिन्स या विद्वानाने तयार केल्या होत्या. जुनी लिपी उलगडणे, चुका दुरुस्त करणे, गहाळ भाग भरून काढणे, वादकांसाठी स्वरसूचना लिहिणे असे हे काम. हायपीरियन या ध्वनिमुद्रिका कंपनीचे म्हणणे असे की, मूळ रचना तीन शतकांपूर्वीची आहे, तेव्हा संपादकाला वेगळा हक्क कसला? अपील न्यायालयाने संपादकाच्या बाजूने निकाल दिला. या निकालाने छोट्या कंपन्यांवर फार भार पडतो अशी ओरड झाली, आणि खटल्याच्या खर्चाचा विचार करता तीत काही अर्थही होता. तथापि दोन खटले शेजारी ठेवून पाहावेत. सॉकिन्सने स्वतःच्या डोळ्यांनी आणि बुद्धीने केलेल्या कामाचे मोल मागितले. त्याची प्रत न वापरता कोणीही मूळ हस्तलिखिताकडे जाऊन स्वतःची प्रत करण्यास मोकळा होता. बर्लिनच्या दाव्याने मात्र मूळ कृतीचा दरवाजाच बंद होत होता. कोणी कितीही श्रम केले तरी आत जाण्यासाठी परवानगी लागणार होती. पहिली मागणी मजुरीची, दुसरी खंडाची.

आता रंगभूमीकडे वळावे. कारण या वादात खरोखर पणाला काय लागले होते ते तेथेच कळते. हाती आलेली ‘मोतेझुमा’ अपुरी आहे. तिचा आरंभ आणि शेवट कोणाला तरी रचावाच लागतो. विवाल्दीच्या इतर संगीतिकांतील गाणी शोधून, ती संहितेच्या शब्दांवर बसवून, मधले संवाद नव्याने स्वरबद्ध करून हे काम करावे लागते. सार्देल्लीने ते एका पद्धतीने केले. अॅलन कर्टिस या अमेरिकी संगीतदिग्दर्शकाच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणासाठी आलेस्सांद्रो चिक्कोलिनी या व्हायोलिनवादकाने ते वेगळ्या पद्धतीने केले. सुरांची संहिता सर्वांना खुली असली तरच असे अनेक प्रयत्न होऊ शकतात आणि एकाची उणीव दुसरा भरून काढू शकतो. एकाच्या हाती परवाना असेल तर एकच ‘अधिकृत’ रूप उरते, आणि तेही ज्याला परवडेल त्याचे.

आणि ही संगीतिका सांगते तरी काय? मेक्सिकोचा सम्राट मोतेझुमा आणि स्पॅनिश आक्रमक फेर्नांदो, म्हणजेच इतिहासातील एर्नान कोर्तेस, यांच्या संघर्षाची ही कथा आहे. अमेरिका खंडातील मूलनिवासींच्या पराभवाला युरोपच्या संगीतिकेने नायकपद दिले, ही तिची विशेष बाब. मोतेझुमाची राणी मित्रेना ही फेर्नांदोला समोरासमोर जाब विचारते. जिंकणाराच्या तोंडावर जिंकल्या गेलेल्यांची बाजू रंगमंचावर मांडली जाते. परंतु आलव्हिझे जुस्ती याने लिहिलेली संहिता सोलिस या स्पॅनिश इतिहासकाराच्या १६८४ मधील ग्रंथावर आधारलेली आहे, आणि तिचा शेवट मंगल आहे: मोतेझुमा वाचतो, स्पेनच्या राजाचे स्वामित्व मान्य करतो, आणि त्याची कन्या फेर्नांदोच्या भावाशी विवाह करते. प्रत्यक्षात १५२० मध्ये मोतेझुमा कैदेत असतानाच मारला गेला. स्वकीयांच्या दगडांनी तो मेला असे स्पॅनिश बखरी सांगतात. स्पॅनिशांनीच त्याला मारले असे मूलनिवासींकडील वृत्तांत सांगतात. पुढल्या वर्षी १३ ऑगस्ट १५२१ रोजी त्याची राजधानी तेनोच्तित्लान पडली. विजयी तहाचे ते मंगलगीत म्हणजे साम्राज्यशाहीने स्वतःला दिलेले प्रशस्तिपत्र होते.

हे असत्य ओळखणारा पहिला मोठा आवाज युरोपातून आला नाही. क्यूबन क्रांतीचा पाठीराखा आणि थोर कादंबरीकार आलेहो कार्पेंतिएर याने १९७४ मध्ये ‘कोन्सिएर्तो बारोको’ ही छोटी कादंबरी प्रसिद्ध केली. तेव्हा ‘मोतेझुमा’चे संगीत कोणीही ऐकलेले नव्हते, फक्त शब्द होते. कार्पेंतिएरने कल्पनेने एक मेक्सिकन माणूस आणि त्याचा कृष्णवर्णीय सेवक यांना व्हेनिसला नेऊन या संगीतिकेच्या तालमीत बसविले. आपल्या देशाचा इतिहास असा खोटा रंगविलेला पाहून तो मेक्सिकन संतापतो, आणि आपण कोण आहोत हे त्याला परक्या भूमीत प्रथमच उमगते. पुढे १९९२ मध्ये ज्याँ-क्लोद मालग्वार या फ्रेंच संगीतदिग्दर्शकाने छापील संहितेवर विवाल्दीची इतर गाणी बसवून एक प्रयोग सिद्ध केला. म्हणजे हरवलेली असतानाही ही संगीतिका निरनिराळ्या हातांत जिवंत होती. तिला पूर्ववत मरण येण्याचा धोका निर्माण झाला तो ती सापडल्यानंतर!

विस्मृत कृती पुन्हा रंगभूमीवर आणणे म्हणजे जुन्या सरंजामी वैभवाची आरास मांडणे, असा एक समज डाव्या वर्तुळांत आहे. तशी आरास मांडणारे प्रयोग होतात, हे खरे. ज्या संगीतिकेत पराभूतांची वेदना आणि जेत्यांचे असत्य दोन्ही एकत्र नांदतात, ती कशी दाखवावयाची याची अनेक उत्तरे असू शकतात. एखादा दिग्दर्शक शेवटच्या विवाहगीतावर तेनोच्तित्लानच्या जळत्या घरांची सावली पाडील. एखादा ते गाणे गोडच ठेवील आणि निवाडा प्रेक्षकावर सोपवील. मेक्सिकोतील नटसंच आपल्या पूर्वजांच्या वतीने तिला उत्तर देऊ शकेल. परंतु यासाठी बर्लिनमधील एखाद्या कार्यालयाची अनुज्ञा लागत असेल, तर ज्यांची ही कथा आहे त्यांनाच ती सांगण्यासाठी हात पसरावे लागतील. मेक्सिकोचे सोने स्पेनने नेले. त्या लुटीचे गाणेही कुलुपात राहावे काय? खटल्यात पणाला लागले होते ते हे.

तेव्हा मागणी कोणती करावयाची? पहिली गोष्ट ही की, केवळ प्रथम प्रसिद्धीच्या जोरावर पंचवीस वर्षांचा मक्ता देणारी तरतूद रद्द झाली पाहिजे. दुसरी, हस्तलिखितांचे जतन हे ग्रंथालये व दस्तऐवजखाती यांचे सार्वजनिक कर्तव्य मानून त्याचा पुरता खर्च सरकारी तिजोरीतून झाला पाहिजे. खासगी संग्रहांना सार्वजनिक साहाय्य देताना अभ्यासकांना व कलावंतांना मुक्त प्रवेश ही अट घातली पाहिजे. तिसरी, संपादक, लेखनिक, वादक आणि गायक यांना त्यांच्या कामाचे वेतन करारानुसार मिळाले पाहिजे. ‘वारसा सर्वांचा आहे’ या सबबीवर त्यांची मजुरी बुडविणाऱ्या संयोजकाची गय करता कामा नये. चौथी, सार्वजनिक अनुदानावर उभ्या राहणाऱ्या प्रयोगांचे काही तिकीट कामगारांना व विद्यार्थ्यांना परवडेल अशा दरात असलेच पाहिजे. गाणे मुक्त झाले आणि नाटकगृहाचे दार महाग राहिले, तर मुक्ती अर्धीच ठरेल.

विवाल्दीच्या हयातीत त्याची गाणी बाजाराने वापरली आणि टाकून दिली. त्याच्या मृत्यूनंतर एका दलालाने आणि एका कारखानदाराने ती वाचविली, एका हुकूमशाहीने ती शोधणाऱ्याला हाकलले, दोन देशांच्या संशोधकांनी ती घरी आणली, आणि एका कायद्याने ती पुन्हा बाजारात बसविण्याचा यत्न केला. या साऱ्या प्रवासात कागदाचे मालक बदलत गेले. गाणे मात्र दर वेळी त्याच माणसांनी जिवंत केले, ज्यांनी ते वाचले, लिहून काढले, वाजविले आणि गायले. कागदाची मालकी कोणाची, हा प्रश्न न्यायालयांनी सोडवावा. गाण्याची मालकी सर्वांची आणि त्यावरील श्रमाची मजुरी श्रमिकांची, हे तत्त्व कायद्यात उतरविण्याचे काम मात्र न्यायाधीशांच्या पदरी टाकून चालणार नाही. ते लोकांनीच आपल्या विधिमंडळांकडून करवून घ्यावे लागेल.